शेजार सरांची भाषा

आमचे सर हजेरी नंबराने घेत नसत. पहिल्या बाकावरच्या मुलीकडे बोट करून विचारायचे, "तुझ्या शेजारी कोण?" तिने नाव सांगितलं की त्या शेजाऱ्याला तोच प्रश्न. असं करत प्रश्न शेवटच्या बाकापर्यंत जाऊन परत यायचा. दुसऱ्याची हजेरी लावायची सोयच नव्हती, कारण साक्षीला दोन्ही बाजूंचे शेजारी बसलेले. संगमनेरच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात त्यांना खऱ्या नावाने ओळखायचे ते फक्त ऑफिसातले लोक. बाकी सगळ्यांचे ते शेजार सर.

विषय टोपॉलॉजी. आकार ताणला, वाकवला तरी त्यातलं काय बदलत नाही, ते शोधणारं गणित. पहिल्या तासाला सर सायकलची जुनी ट्यूब घेऊन आले. तिच्यावर खडूने ठिपके काढले आणि दोघांना दोन बाजूंनी ओढायला लावलं.

"ठिपक्यांमधलं अंतर बदललं?"

"हो सर."

"शेजारी बदलले?"

"नाही सर."

मग खिशातून कात्री काढून त्यांनी ट्यूब कापली. "आता बदलले," म्हणाले आणि शांतपणे फळा पुसायला लागले.

शेवटच्या वर्षी माझा प्रोजेक्ट त्यांच्याकडे होता. गावाबाहेर बशीरभाईंची कांद्याची लांबलचक चाळ होती. साठवलेला कांदा आतून सडायला लागला की तिथे ऊब धरते, पण वास बाहेर येईपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून आम्ही चाळीच्या जाळीला ऊब मोजणाऱ्या छोट्या डब्या अडकवल्या. प्रत्येकीची सळई कांद्यात खुपसलेली, आणि प्रत्येक डबी फक्त जवळपासच्या डब्यांशी बोलू शकणारी. कुठली डबी कुठे, याची नंबरवार यादी करून मी प्रोग्रॅम लिहिला. स्क्रीनवर नकाशा दिसायचा. मला त्याचा भारी अभिमान होता.

पुढे कांदा निवडायला बायका आल्या. त्यांनी डब्या काढल्या, काम झाल्यावर हाताला येईल तिथे परत अडकवल्या. माझा नकाशा सांगत राहिला, दाराकडचा कप्पा बिघडला. बशीरभाईंनी दोन दिवस तो उपसला. तिथला कांदा खणखणीत. तोवर मधला कप्पा निम्मा गेला होता.

"सर, तुमचं मशीन लई शिकलेलं हाय," बशीरभाई म्हणाले, "पण त्याला कांदा कळत न्हाई."

मी रडायच्या बेतात होते.  परतताना एसटीत सर म्हणाले, "चूक बायकांची नाही, तुझीही नाही. भाषेची आहे. तू प्रोग्रॅम लिहिलास त्या भाषेत प्रत्येक डबीला पत्ता द्यावाच लागतो. पत्ता न विचारणारी भाषा करू."

आणि खरंच केली. वर्गातले आम्ही चौघे आणि ते, सहा महिने. त्या भाषेत नंबर नव्हता, जागा नव्हती. तीनच मुख्य शब्द होते: शेजारी, काठ आणि भोक. बिघडलेला भाग म्हणजे भोक, त्याच्या कडेच्या डब्या म्हणजे काठ. आज्ञा एकेका डबीला द्यायची नाही, अख्ख्या चाळीला द्यायची: जिथे ऊब असेल त्या जागेच्या काठावर दिवे लागू देत. मग प्रत्येक डबी शेजारणींना विचारून आपण त्या काठावर आहोत की नाही ते स्वतः ठरवणार. स्क्रीनही गेली. "नकाशा कशाला? सडलंय तिथेच उजेड पडू दे," सर म्हणायचे.

पुढच्या हंगामात आम्ही परत गेलो. बशीरभाईंचा विश्वास उडालेलाच होता. त्यांनी सगळ्या डब्या घमेल्यात ओतल्या, दाण्यासारख्या कालवल्या आणि मनाला येईल तिथे अडकवल्या. "आता सांगू द्या," म्हणाले. सर हात मागे बांधून उभे होते. मागची बोटं मात्र एकमेकांत घट्ट अडकली होती, ती मला दिसत होती.

काही दिवसांनी बशीरभाईंचा फोन आला. पोचलो तर तिसऱ्या कप्प्यावर दिव्यांचं कडं लागलेलं. त्यांनी आमच्यासमोर कड्याच्या मधोमध कोपरापर्यंत हात घातला, मूठभर कांदा बाहेर काढला, हुंगला. "व्हय. हितंच हाय." बाकीचा कप्पा वाचला. सरांनी फक्त चहा मागितला.

मी पुण्यात नोकरीला लागले त्याच वर्षी सरांनी नोकरी सोडली. डोळ्यांनी दगा दिला होता. समोरच्या माणसाचा चेहरा दिसत नव्हता, कडेचं तेवढं दिसायचं. "माझ्या नजरेलाच भोक पडलंय," हसत म्हणाले. "काठ शाबूत आहे." मला हसता आलं नाही. लेकीकडे नागपूरला निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला बोलावून एक शंभर पानी वही दिली. वाटलं, भाषेचे नियम असतील. उघडली तर पानोपानी चुका. पहिली: 'दाराशी ऊन पडलं की भाषेला ते सडणं वाटतं.' पुढे अशाच एकेचाळीस. शेवटची अक्षरं ओळ सोडून तिरकी गेलेली.

"सर, जे चालतं ते कुठे लिहिलंय?"

"ते तुला डब्या दाखवतील. चुका मात्र माणसाने लिहून ठेवाव्या लागतात."

नोकरीतून वेळ काढून मी एकेक सोडवते आहे. परवा अकरावी चूक सुटली, तेव्हा सरांना फोन केला. मी कशी सोडवली ते त्यांनी दोनदा सांगायला लावलं, मधेच अडवून एक शंका काढली, मग समाधानाने हुंकार दिला.

"खोड ती," म्हणाले. "आणि खाली तुझी स्वतःची एक चूक लिही."

मी पेन उचललं. फार शोधावं लागलं नाही: 'कांदा निवडताना डब्यांचं काय होतं, हे मी बायकांना कधी विचारलंच नाही.'