ऑर्गनच्या बारक्या नळ्या

तलासरीजवळच्या एका चर्चमधली ती चोरी पोलीस खात्यातून निवृत्त झाल्यावरही माझ्या डोक्यातून गेलेली नाही.

चर्चमध्ये भिंतीएवढा पाइप ऑर्गन होता, फार पूर्वी जहाजाने आलेला. मागे एक माणूस भाता मारायचा, तेव्हा तो वाजायचा. पुढे मोटर बसली, ती जळाली, मग कीबोर्ड आला आणि ऑर्गन धूळ खात पडला. एका सकाळी त्याच्या वीसेक नळ्या गायब झाल्या. फादरनी फिर्याद दिली.

खबऱ्याचा फोन आला, आदल्या दिवशी चर्चमागे एक भंगारवाला सायकल घेऊन फिरत होता. त्याला आणला. त्याची बायको ठाण्याच्या पायरीवर बसून राहिली.

"पाड्यावरचा आहे साहेब, दोन ठेवून द्या, बोलेल," चर्चच्या कमिटीतले एक गृहस्थ म्हणाले.

"इथे चौकशी होते, धुलाई नाही," मी सुनावलं. पण खरं सांगतो, संशय माझाही त्याच्यावरच होता. "मी नाय नेल्या," एवढंच तो सांगत होता. अटकेचे कागद टेबलावर तयार होते.

पंचनाम्यात कुलूप शाबूत होतं, ते खटकत होतं. सही करण्याआधी पुन्हा चर्चमध्ये गेलो. नळ्या काढलेल्या प्रत्येक भोकात कागदाचा घट्ट बोळा होता, चिकूच्या पेटीत भरतात तसा. चोर कशाला भोकं बुजवेल?

"फादर, चिकूच्या पॅकिंगला इथलं कोण जातं?"

"आमचा जुना भातेवाला. घोलवडला जातो. चर्चची एक चावी अजून त्याच्याकडेच आहे."

म्हाताऱ्याच्या घरी चिकूच्या पेट्यांत, पेंढ्यात नळ्या निजवलेल्या होत्या. प्रत्येकीवर कोळशाने नंबर.

"चोरल्या नाय साहेब. कमिटीवाले बोलले, भंगारात काढू. म्हणून आणल्या. मोठ्या उचलवेनात. भोकांत उंदीर शिरतील म्हणून बोळे घातले."

"अरे, मला विचारायचं तरी!" फादर म्हणाले.

"तुम्ही कुठं मला विचारलं?"

फादर खाली बसले आणि हसू लागले. ऑर्गन विकणार नाही, असा शब्द त्यांनी तिथेच दिला. लबाडीचा हेतू नव्हता, गैरसमजातून फिर्याद झाली, असा त्यांचा जबाब घेऊन मी कोर्टाकडे 'क' समरी, म्हणजे प्रकरण बंद करण्याची परवानगी, मागितली.

अटकेचे कागद फाडले. भंगारवाल्याची माफी मागितली. सायकल काढताना तो म्हणाला, "साहेब, मी नेल्या असत्या तर मोठ्या नेल्या असत्या. बारक्यांना वजन कुठं असतं?"

"मग सकाळी का नाही बोललास?"

"मी कुठं होतो, तेच तुम्ही विचारत होता. भंगारातलं काय कळतं, ते कुणी विचारलंच नाय."

त्यानंतर चौकशीला बसलेल्या प्रत्येक माणसाला मी आधी त्याचं काम विचारलं.