माज उतरवणारा माणूस

दीड महिना झाला. गुरुवारची दुपार होती, मी ऑफिसच्या कॉलवर होते आणि ईशाचा फोन लागोपाठ तीनदा आला. माझी लेक सोळा वर्षांची आहे, एरवी फक्त मेसेज करते. मी फोन घेतला. "आई, आजोबा जिंजरच्या स्टॉलमध्ये बसलेत. उठत नाहीयेत. प्लीज कम." जिंजर म्हणजे तिची घोडी. इथे अमेरिकेत, फ्रिस्को शहराच्या उत्तरेला, आमच्या घरापासून वीस मिनिटांवरच्या तबेल्यातल्या एका खणात, स्टॉलमध्ये, असते. मी पोहोचले तोवर ॲम्ब्युलन्सची माणसं आली होती आणि त्यांचा पहिलाच प्रश्न होता, घोडीनं लाथ मारली का? तबेल्यातले दोघं-तिघं एकदम 'हो, तीच असणार' म्हणाले. खोटं कशाला सांगू, मलाही तेच वाटलं. संध्याकाळी हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी सांगितलं की हृदय बंद पडून आप्पा गेले. अंगावर ताजा ओरखडासुद्धा नव्हता. घोडीच्या लाथेनं माझे वडील गेले असते, तर त्यांना ओळखणाऱ्या कुणालाच नवल वाटलं नसतं...

आप्पांनी पुण्याजवळच्या एका स्टड फार्मवर, घोड्यांची पैदास करतात तिथं, तीस वर्षं काम केलं. आधी मोतद्दार होते, मग तिथले मुख्य. बिथरलेली घोडी त्यांच्याकडे आणली जायची. ते म्हणायचे, "माजलीय. माज उतरवतो." माजावर आलेल्या जनावराला आणि उर्मट माणसाला मराठीत शब्द एकच आहे, आणि आप्पांचा दोन्हीवर इलाजही एकच होता. मी नऊ वर्षांची असताना त्यांचा डबा घेऊन गेले होते. चांदणी नावाची तांबडी घोडी त्यांनी दोन खांबांना आखूड बांधली होती आणि चाबकानं फोडत होते. तिच्या कुशीवर वळ उठून त्यातून रक्त येत होतं. ती किंचाळत होती, दुगाण्या झाडत होती. एका झटक्यात मागचा दोर तुटला आणि तिची टाप आप्पांच्या जबड्यावर बसली. ते पडले, तोंडातून रक्त आणि दात थुंकले, उठले आणि पुन्हा मारायला लागले. मी डबा तिथेच ठेवून पळाले.

घरी त्यांच्याकडे चाबूक नसायचा, खोगीर घोड्याच्या पोटाखालून आवळतात त्या तंगाचा पट्टा असायचा. दादाला त्याचा मार जास्त बसला. दादा बारावीत असताना एकदा उलटून बोलला, तेव्हा आप्पांनी त्याचा हात पिरगाळून मोडला. प्लास्टर निघाल्यावर तो घर सोडून गेला आणि पुढे नागपूरला स्थायिक झाला. वडिलांशी पुन्हा बोलला नाही. मी शिकले, नोकरी धरली, अमेरिकेत आले. लांब जायचं होतं, हेही त्यामागचं एक कारण होतं. आई गेल्यावर तीन वर्षांपूर्वी मी आप्पांना इकडे आणलं, त्यांना बघायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून. मनातून मी त्यांना घाबरतच होते.

मागच्या वर्षी वसंतात जिंजर बिघडली. तंग आवळायला गेलं की कान मागे दाबून चावायची, मधेच अडून मागच्या पायांनी उसळायची. पाच-सहा दिवसांनी शांत व्हायची, दोन आठवडे गुणी, की पुन्हा तेच. ट्रेनर ईशाला म्हणाली, घोड्या अशाच असतात, ती तुला जोखतेय, तिला दाखव मालक कोण. एका शनिवारी जिंजरनं ईशाला पाडलं. ईशा उठली, चाबूक उचलला आणि घोडीच्या तोंडावर मारला. एकदा, दोनदा, पाच वेळा. घोडीच्या डोळ्याखाली कातडी फाटली. माझ्या मुलीचा चेहरा मला ओळखू येईना. खरं तर येत होता... तो आप्पांचा होता.

कुंपणाला टेकून उभे असलेले आप्पा पंचाहत्तराव्या वर्षी फळ्यांमधून वाकून आत शिरले. त्यांनी ईशाच्या हातातला चाबूक हिसकावला आणि दोघींच्या मध्ये उभे राहिले. घोडी गर्रकन वळली आणि मागच्या दोन्ही टापा त्यांच्या छातीवर आल्या. हाडं मोडल्याचा आवाज मी कुंपणाबाहेरून ऐकला. मातीत पडल्या पडल्या, श्वास पुरत नसताना ते म्हणाले, "तिला मारू नका. तिचं पोट बघा."

तीन बरगड्या मोडल्या होत्या. हॉस्पिटलमध्ये त्यांनी मला चांदणीचं पुढचं सांगितलं. मालकानं तिला गोळी घालायला लावली होती, आणि आप्पांनीच तिला धरलं होतं. जनावरांच्या डॉक्टरनं पोट फाडलं तर अंडाशयावर नारळाएवढी गाठ निघाली. "दुखत होतं तिला," आप्पा म्हणाले. "मी माज उतरवत होतो."

"मग त्यानंतर थांबलात का?" मी विचारलं.

"नाही," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं.

बरगड्या जुळायच्या आत ते तबेल्यात जायला लागले. माझ्याकडून इंग्रजीत सांगवून त्यांनी जनावरांच्या डॉक्टरला, व्हेटला, बोलावलं. ती सोनोग्राफी करत असताना आप्पा दाराबाहेर उभे होते. "गाठ आहे का, विचार." गाठ नव्हती. व्हेट म्हणाली, माजाच्या दिवसांत, अंडाशयातलं बीज फुटायच्या सुमाराला काही घोड्यांना फार दुखतं, स्वारानं पाठीवर बसणंही सहन होत नाही. तिनं हार्मोनचं औषध दिलं आणि बजावलं, की बाईमाणसानं ते उघड्या हातानं हाताळू नये, कातडीतून अंगात जातं. आप्पांनी ईशाला बाटलीला हातही लावू दिला नाही, स्वतः हातमोजे घालून खाण्यात मिसळायचे. जिंजरला शेजारच्या घोड्यांपासून लांबचा स्टॉल मागून घेतला. तिच्या माजाच्या तारखा मांडल्या आणि त्या दिवसांत खोगीर बंद, नुसतं दोरी धरून चालवायचं. ईशा चिडायची, "आजोबा, माझा शो आहे, कॉम्पिटिशन आहे." ते म्हणायचे, "असू दे. तिला बरं नाही."

ती पूर्ण सुधारली असं नाही. जुलैमध्ये तिनं आप्पांच्या खांद्याचा लचका तोडला, सात टाके पडले. मी म्हटलं, "आप्पा, विकून टाकू." ते म्हणाले, "आज तारीख होती, मीच विसरून तंग लावायला गेलो." शर्ट रक्तानं भिजला होता आणि त्यांचा आवाज चढला नव्हता. हे असं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते.

दहाव्याला दादाचा नागपूरहून फोन आला. मी त्याला सगळं सांगितलं, औषध, तारखा, टाके. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "घोडीला कुठं दुखतंय ते कळलं त्याला."

"हो."

"माझा हात पावसाळ्यात अजून ठणकतो. कधी विचारलं का त्यानं?"

"नाही," मी म्हणाले. खोटं बोलून त्याला बरं वाटलं असतं, पण नाही बोलले.

गॅरेजच्या दाराशी आप्पांचे रबरी बूट आहेत. त्या गुरुवारी सकाळी ते दुसरे घालून गेले होते, हे तिथेच राहिले, तळव्यांना वाळलेली लीद आणि पेंढा चिकटलेला. वाटेच्या अगदी मध्ये आहेत. नवऱ्यानं दोनदा विचारलं, हलवू का. मी नको म्हटलं. सामान हातात असलं तरी आम्ही तिघं वळसा घालून आत येतो. एकदा अंधारात माझा पाय लागून त्यातला एक आडवा झाला, तेव्हा मी दचकून मागे सरले, लहानपणी धरायचे तसे दोन्ही हात तोंडापुढे धरले... आणि मग खाली बसून तो सरळ करून ठेवला.