आम्हीच बुजवलेल्या भेगा

साहेबांनी आमच्या खुर्चीवर वर्तमानपत्र पसरलं आणि मग ते बसले.

ती खुर्ची मी सकाळी दोनदा पुसली होती. एकदा ओल्या फडक्याने, एकदा कोरड्या. साहेब पालिकेचे ज्युनिअर इंजिनिअर, आमच्या बिल्डिंगची वार्षिक तपासणी करायला आले होते. बरोबरच्या कारकुनाला कन्नडमध्ये म्हणाले, "ई जनक्के मने कोट्टरू कोट्टिगे माडतारे." ह्या लोकांना घर दिलं तरी त्याचा गोठाच करतात. मराठी बोलणाऱ्या बाईला काय कळतंय, असं त्यांना वाटलं असणार. मी सीमाभागातली, चिकोडीकडची आहे. कन्नड मला मराठीइतकंच येतं.

मी ऐकलं आणि आत जाऊन चहा आणला. चहा त्यांनी घेतला नाही. मी तरीही हसले. ते हसणं आठवलं की आजही स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

आमची बिल्डिंग शहरातल्या एचएसआर लेआउट ह्या बड्या लोकांच्या वस्तीच्या मागे, मोठ्या नाल्यापलीकडे. चार मजले, बत्तीस घरं. आधी आम्ही सगळे नाल्याकाठीच झोपड्यांत होतो. त्या पाडल्या आणि सरकारी योजनेतून ही घरं मिळाली. घर आमचं, पण भिंती, पाइप, जिना यांची देखभाल पालिकेची. तसं वाटपाच्या कागदावर लिहिलं आहे. दुसऱ्याच वर्षी भिंतीतला पाइप फुटला. पाणी आतल्या आत झिरपत राहिलं. जिन्याला करंगळी जाईल एवढी भेग पडली. कठड्याच्या सळया गंजून बाहेर आल्या. वॉर्ड ऑफिसात आम्ही किती खेपा घातल्या त्याला हिशेब नाही. प्रत्येक वेळी एकच उत्तर, "तपासणीला येऊ तेव्हा बघू."

मग एकदाची तपासणी ठरली. आणि आम्ही काय केलं?

साफसफाई केली.

मी केली, असंच म्हणायला हवं. मी सर्जापूर रोडच्या एका कंपनीत हाउसकीपिंगची सुपरवायझर आहे. बिल्डिंगमधल्या बायका माझं ऐकतात. आठ दिवस आधी सगळ्यांना गोळा केलं आणि कामं वाटून दिली. जिना सोड्याने घासला. ओल आलेल्या भिंतींना पांढरा रंग दिला. गळणाऱ्या पाइपावर रबर गुंडाळून वर पत्रा ठोकला. माझा नवरा फरशीकाम करतो, त्याचा हात चांगला. त्याने जिन्याची भेग पुट्टीने अशी भरली की बोट फिरवलं तरी कळू नये. खाली बायकांनी रांगोळी काढली. शेजारच्या शांतक्का, वय सत्तरीचं, कमरेवर हात ठेवून सगळं बघत होत्या. मला म्हणाल्या, "तंगी, मदुवे मने आयतू." तंगी म्हणजे धाकटी बहीण. लग्नघर झालं म्हणे. मला फार बरं वाटलं.

हे असं का केलं, ते सांगते. गावात आमची वस्ती वेशीबाहेर. शाळेत बाई माझी वही हाताने उलटत नसत, पट्टीने उलटायच्या. मी घरी येऊन रडले तेव्हा आईने मला चोळून चोळून आंघोळ घातली. म्हणाली, "असं राहायचं की कुणी बोट दाखवायला नको." तेव्हापासून मी घासते आहे. अंग, भांडी, फरशी, कंपनीचे संडास. कुणी बोट दाखवायला नको. पट्टी माझ्या वहीला नव्हती, माझ्या जातीला होती, हे मला चाळीस वर्षांत कुणी सांगितलं नाही आणि मला ते दिसलं नाही.

तपासणी संपवून साहेब उठताना कारकुनाने फॉर्म पुढे केला. "रहिवाशांची सही."

आता माझ्या कामाची रीत सांगते. कंपनीत प्रत्येक बाथरूमच्या दारामागे एक तक्ता असतो. आरसा, बेसिन, फरशी, साबण. दर तासाला खूण करायची आणि सही करायची. सही म्हणजे काय, तर हे मी स्वच्छ केलं आहे. अकरा वर्षं मी तशा सह्या करते. त्या फॉर्मवरही तसेच रकाने होते. भिंती, जिना, पाणी, कठडा. प्रत्येकापुढे बरोबरची खूण. मला वाटलं, आपण पास झालो. सगळ्यांच्या आधी मी सही केली. ठसठशीत, पूर्ण नावाची. अंगठा उठवणाऱ्या बायका माझ्याकडे कौतुकाने बघत होत्या.

साहेबांनी जिन्याचा फोटो काढला. पांढऱ्याशुभ्र जिन्याचा.

पाऊसकाळात तोच जिना पडला. दुसऱ्या मजल्यावरची पायरी आणि खालचा कठडा. शांतक्का दूध घेऊन वर येत होत्या. खांदा मोडला, कंबर मोडली. त्यांना उचलताना माझ्या नवऱ्याच्या हाताला पुट्टीचा तुकडा लागला. त्याने तो बघितला आणि तिथेच खाली टेकला. त्या दिवशी तो जेवला नाही.

पंधरवड्यात नोटीस लागली. इमारत धोकादायक आहे, खाली करा. पर्यायी घराचं त्यात नाव नाही. पुरुषांनी बेघरांच्या एका निवाऱ्यात जायचं, बायकांनी दुसऱ्या. दोन्हींमध्ये बारा किलोमीटर. सासूबाईंना डोळ्यांनी दिसत नाही आणि त्यांना धरून चालवतो तो त्यांचा मुलगा. तो इकडे, त्या तिकडे. पालिकेत ह्याला बेघर होण्यापासून बचाव असं म्हणतात. घरातून काढायचं आणि वर बचाव म्हणायचं.

वॉर्ड समितीची बैठक होती, तिथे मी गेले. समितीत नागरिकांतर्फे एक बाई होत्या. पुण्याच्या, सॉफ्टवेअरमधल्या, एचएसआरमधल्या मोठ्या सोसायटीत राहणाऱ्या. मी नवऱ्याशी कुजबुजले ते त्यांनी ऐकलं. चेहरा उजळला. "अय्या, ताई, तुम्ही मराठी?" मला वाटलं, देव पावला. परक्या मुलखात आपल्या भाषेचं माणूस भेटलं. मी भडाभडा सगळं सांगितलं. पाइप, भेग, शांतक्का, दोन निवारे. त्यांनी मान डोलवत ऐकून घेतलं.

मग म्हणाल्या, "ॲक्च्युअली ताई, मेन्टेनन्सची सवय लागते हो. आमच्या सोसायटीत बघा, एक डाग दिसणार नाही." आणि थोडं जवळ सरकून, आवाज खाली आणून, "बाय द वे, तुमच्या ओळखीत कुणी आहे का कामाला? मराठी स्वयंपाक येणारी? तुम्ही स्वतः आलात तरी चालेल."

डोक्यावरचं छप्पर मागायला मी गेले होते आणि त्यांना पोळ्या लाटायला बाई हवी होती. त्या वाईट बोलल्या नाहीत, गोडच बोलल्या. साहेबांपेक्षा मला त्यांचाच जास्त राग आला. त्यांच्या सोसायटीत एक डाग दिसत नाही, कारण तिथे आमच्याच बिल्डिंगच्या चार बायका रोज पुसायला जातात. हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

मग इंजिनिअर साहेबांनी फाइल उघडली. मागच्या तपासणीचा अहवाल त्यांनी वाचून दाखवला. भिंती सुस्थितीत. जिना सुस्थितीत. तक्रार नाही. फोटो सगळ्यांसमोर धरला. "पाच महिन्यांपूर्वी बिल्डिंग अशी होती. म्हणजे नुकसान रहिवाशांनी केलं. गैरवापर." आणि सह्यांचं पान काढून माझ्यासमोर ठेवलं. "ही सही तुमचीच ना?"

माझीच होती.

त्यांनी आम्हाला घाणेरडे म्हणू नये म्हणून मी त्यांचा गुन्हा पुसून टाकला होता. आमच्या पैशाच्या रंगाने, माझ्या नवऱ्याच्या हाताने. त्यांच्या फाइलीला पुरावा हवा होता आणि तो मी राबून तयार करून दिला होता.

साहेबांनी दुसरा कागद सरकवला. आम्ही राजीखुशीने जागा सोडत आहोत, असा. "सगळ्यांच्या वतीने तुम्ही करा. तुम्हाला लिहिता येतं." पेनही पुढे केलं, टोपण काढून.

मी पेन घेतलं नाही. मी कन्नडमध्ये बोलले, सगळ्यांना कळेल असं. "नानु सही माडल्ला." सही करणार नाही. मग म्हटलं, "साहेब, तुमची बिल्डिंग सडली होती आणि आम्ही तिच्यावर रंग दिला. चूक ती. आता ती तुम्हाला रंगाशिवाय दाखवते. तुमच्या वरच्या साहेबांनाही बोलवा." आवाज चिरका निघाला. पुण्याच्या बाई मोबाइलमध्ये बघू लागल्या.

दुसऱ्या दिवशी मी नवऱ्याच्या हातात छिन्नी दिली. उरलेल्या जिन्यावर जाऊन त्याने पुट्टीवरून बोट फिरवलं. "मीच भरलंय की हे. आता मीच फोडू?" म्हणाला. मी म्हटलं, "तूच फोड. तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे कुठं कुठं आहे ते?" त्याने एकेक भेग उघडी केली. मी पाइपावरचा पत्रा काढला. पाणी भिंतीवरून वाहू लागलं, खाली साचलं, शेवाळ धरलं. बायकांना सांगितलं, जिना झाडायचा नाही. हे मला सोपं गेलं असं कुणी समजू नये. दोन वेळा माझा हात आपोआप केरसुणीकडे गेला. आईची आठवण आली. मी केरसुणी उचलून माळ्यावर टाकली.

वाटपाचे कागद आणि खेपा घालून मिळवलेल्या पोचपावत्या, बत्तीस घरांमधून मी गोळा केल्या आहेत. प्रत्येक भेगेचा फोटो आहे, शेजारी पट्टी धरून काढलेला. शांतक्का खाटेवर पडल्या पडल्या त्यांचा जबाब सांगताहेत, मी लिहून घेते आहे. मध्येच त्या म्हणतात, "तंगी, स्वल्प तडी." जरा थांब. दुखतं त्यांना. मी थांबते आणि पुन्हा लिहायला लागते.

बिल्डिंग धोक्याची आहे हे मला कळतं. पोराबाळांना घेऊन तिच्याखाली मरायची आम्हाला हौस नाही. आम्ही उतरू. पण दुसरं घर कागदावर लिहून मिळाल्याशिवाय निवाऱ्यात जाणार नाही, आणि नवरा एकीकडे, बायको एकीकडे तर अजिबात नाही. बत्तीस घरं भांडीकुंडी, अंथरुणं, म्हातारीकोतारी घेऊन एकाच दिवशी उतरतील आणि वॉर्ड ऑफिसच्या आवारात बसतील. तिथेच रांधू, तिथेच झोपू. आमची खरकटी, आमच्या चुलीची राख, आमच्या आंघोळीचं पाणी साहेबांच्या दारात पडेल.

आणि ते मी झाडणार नाही.