पुसून आणलेले पतंग

मुलांनो, तुमची मोठी आजी गेल्या महिन्यात गेली. तुम्ही फोनवर विचारलंत, ती कशी होती? मला धड सांगता आलं नाही. अजून सगळं नीट आठवतंय, तोवर तिची एक दुपार लिहून ठेवते.

ती माझी थोरली जाऊ. सोयगावजवळची शेती ती बघायची. मी इथं शहरात कॉलेजात कीटकशास्त्र शिकवायचे. मक्यावर नवी लष्करी अळी आली तेव्हा मी निवृत्त झाले होते. ही अळी म्हणजे एका पतंगाचं पिल्लू. म्हणून शेतात मादीच्या वासाचा सापळा टांगतात आणि त्याला भुलून कोणत्या जातीचे नर येतात ते बघतात. जाऊबाईंच्या सापळ्यात बरेच आले. दुकानदार म्हणाला, आजच फवारा. पण म्हैस नुकतीच व्यालेली, आणि हिरवा चारा तेवढाच. फवारलं तर कितीतरी दिवस तो मका तिच्यापुढे टाकता आला नसता. जाऊबाई पतंग घेऊन एसटीनं थेट माझ्याकडे आल्या.

डबा उघडला तर सगळ्यांचे पंख कोरे, पारदर्शक.

"जाऊबाई, यांचे रंग कुठे गेले?"

"लई भुकटी होती गं अंगावर. तुझ्या घरात धुळीचा कण चालत नाय. फडक्यानं एकेक पुसून आणला."

ती भुकटी म्हणजे पंखांवरचे खवले. पतंग आधी त्यांच्या नक्षीवरून ओळखतात. मला रागावता येईना. दर दिवाळीला त्यांच्या पिशव्या दारातच झटकून घेणारी मीच होते.

एक मार्ग उरला होता. नराच्या पोटाच्या टोकाला मादीला धरायचे चिमटे असतात, आणि प्रत्येक जातीत त्यांचा आकार वेगळा. मी एक टोक कापून औषधात मऊ केलं आणि मायक्रोस्कोपखाली धरलं. जाऊबाई खांद्यावरून वाकल्या.

"हे असलं बघत होतीस व्हय आयुष्यभर? लाज नाय वाटली?"

"पगार मिळायचा त्याचा."

लष्करी अळीच्या नराचा चिमटा रुंद, चौकोनी असतो. हा मधेच मानेसारखा बारीक होता. गवतावर वाढणारी दुसरीच जात, चुकून सापळ्यात आलेली.

"फवारू नका," मी म्हटलं. "फक्त रोज पोंग्यातल्या कोवळ्या पानांत अळी दिसते का बघा."

"नक्की? म्हशीच्या पोटाचा सवाल हाय."

मी आणखी पाच तपासले. तेही तसेच. तेव्हा त्यांनी मुलाला फोन लावला. "पंप ठिव खाली. काकूनं बघितलंय." मग त्या पाणी प्यायल्या, आल्यापासून पहिल्यांदा.

अळी आली नाही. म्हशीनं तो मका शेवटच्या धाटापर्यंत खाल्ला.

त्यातला एक नमुना मी काचपट्टीवर पक्का केला. पट्टीवर गाव, पीक आणि गोळा करणाऱ्याचं नाव लिहायची रीत असते. मी जाऊबाईंचं पूर्ण नाव लिहिलं. म्हैस पुढे विकली, शेताच्या वाटण्या झाल्या. काचपट्टी माझ्या कपाटात आहे, आणि नाव स्वच्छ वाचता येतं.