मागे ओतलेलं पाणी

कार्डिफमध्ये आमच्या रस्त्यावर तुर्की न्हाव्यांची दुकानं वाढली, तेव्हा बाबा म्हणाले, "आता ही माणसं यायला लागली वाटतं." बाबा स्वतः पुण्याहून इथल्या हॉस्पिटलात आलेले! मी स्थलांतरितांच्या हक्कांची पत्रकं वाटत वाढलेली मुलगी. जेवता जेवता भाषणच ठोकलं. आई म्हणाली, "सभा संपली असेल तर कोशिंबीर वाढ."

मग शेजारी तुर्कस्तानातल्या इझमीरची दातांची डॉक्टर राहायला आली. तिकडे महागाईने पगार खाऊन टाकला, तिचा अर्धाअधिक वर्ग जर्मनीत आणि इथे पांगला. इथली परीक्षा पास होईपर्यंत तिला पेशंटच्या दाताला हात लावता येत नव्हता. दुसऱ्या डेंटिस्टशेजारी उभी राहून ती थुंकी ओढायची नळी धरायची. एकदा नापास झाली होती. "तेयझे, या वेळीही नापास झाले तर परत जाईन," तिने आईला सांगितलं. तेयझे म्हणजे मावशी.

एका सकाळी बाबा कॉन्फरन्सला निघाले. गाडी हलली आणि या शेजारणीने मागून पाण्याने भरलेला जग रस्त्यावर ओतला. आमच्याकडे मयत नेल्यावर घर धुतात. आई मराठीतच ओरडली, "अगं, जिवंत आहे माणूस!"

ती बिचारी कावरीबावरी झाली. पाण्यासारखा सहज जा, सहज परत ये, असा त्यांच्याकडचा तो निरोप. आईला ते पटलं. तरी संध्याकाळी तिने बाबांची दृष्ट काढलीच.

परीक्षेला ती लंडनला निघाली तेव्हा आईने तिच्या तळहातावर दही-साखर ठेवली. अंधश्रद्धेवर पानंच्या पानं लिहिणारी मीच दह्याची वाटी धरून उभी होते. टॅक्सी सुटली. तिच्यामागे पाणी ओतायला इथे तिचं कोण होतं? तेवढ्यात आई स्लिपर फटफटवत जग घेऊन धावली.

"आई, पाऊस पडतोय. रस्ता ओलाच आहे."

"पावसाला काय माहीत, ती कुठे निघालीय ते?"

तिने निम्मा जग ओतला. दारातून बाबा ओरडले, "अगं, हात आखडता कशाला घेतेस? सगळं ओत. इथेच परत यायला हवी ती!"