कडावच्या गिरणीतली नोटीस

पोलिसाच्या डोक्यात खून आणि दरोडेच घर करून राहतात, असा लोकांचा समज आहे. माझ्या डोक्यात मात्र एक लखोटा बसला आहे. त्या प्रकरणात चोरी नव्हती, मारामारी नव्हती, कोणाच्या अंगावर साधा ओरखडाही उमटला नव्हता. तरी नोकरीतले एखादे प्रकरण सांगा असे कोणी म्हटले, की माझ्या तोंडून हेच बाहेर पडते. घरातली मंडळी ऐकून ऐकून कंटाळली, म्हणून आता लिहून काढतो. नावे कोणाचीच देणार नाही.

खालापूरहून बदली होऊन मी नुकताच कर्जतच्या ठाण्यावर फौजदार म्हणून आलो होतो. दोन-तीन वर्षांपूर्वी सरकारने इन्कमटॅक्सची मर्यादा बरीच खाली आणली होती. तोवर हा कर म्हणजे मुंबईच्या बड्या लोकांचे दुखणे, अशी आमच्या भागाची समजूत होती. आता गवताचे व्यापारी, कोळशाचे ठेकेदार, भाताच्या गिरण्या चालवणारे, अशा मधल्या लोकांच्या दारातही नोटिसा येऊ लागल्या. नोटीस हाती पडल्यापासून तीस दिवसांत उत्पन्नाचा तक्ता भरून पाठवायचा. न पाठवला तर इन्कमटॅक्सचे साहेब आपल्या अंदाजाने आकडा ठरवणार, आणि वर दंड. दरसाल काहीतरी बदलायचे आणि ते कळेपर्यंत मुदत संपलेली असायची. बाजाराच्या दिवशी कशेळ्याला भाताच्या भावाइतकीच याची चर्चा चाले.

वैशाखात टपालखात्याचे एक इन्स्पेक्टर कागदांचा गठ्ठा घेऊन ठाण्यात आले. कडावच्या एका भातगिरणीच्या मालकाने तक्रार केली होती. इन्कमटॅक्सची पहिली नोटीस आपल्याला मिळालीच नाही, आणि आता एकदम अंदाजी आकारणीचा हुकूम आला, असे त्याचे म्हणणे. नोटीस रजिस्टर होती. तिच्या पोचपावतीवर सही होती. मालक म्हणत होता की सही माझी नाही. म्हणजे ती टपालवाल्याने ठोकली, असा अर्थ निघत होता. टपालवाल्याला कामावरून बाजूला केले होते आणि खोटी सही केल्याचा गुन्हा दाखल करावा, असे खात्याचे पत्र होते.

हा टपालवाला कर्जत ते कशेळे हा रस्ता अठ्ठावीस वर्षे पायी तुडवत आलेला माणूस. पेन्शनला चार महिने उरले होते. गुन्हा शाबीत झाला असता तर पेन्शन तर गेलेच असते, वर तुरुंग.

मी त्याला बोलावून घेतले. बाकावर बस म्हटले तरी तो उभाच राहिला. खाकी डगला काढून घेतल्यामुळे त्याला उघड्यावर आल्यासारखे होत असावे, कारण तो सारखा सदऱ्याची गुंडी चाचपत होता.

"लखोटा कोणाला दिलास?"

"शेठला. त्यांच्या हातात."

"सही कोणी केली?"

"शेठनी. गिरणी चालू व्हती. हात कोंड्यानं भरलेले व्हते, ते धोतराला पुसले नि केली."

"मग ते नाही का म्हणतात?"

"ते त्यांना इचारा सायेब. मी काय सांगू?"

उलटसुलट बरेच विचारले. उत्तरात एका शब्दाचा फरक पडला नाही. खोटे बोलणारा माणूस दुसऱ्या वेळी गोष्ट थोडी सजवून सांगतो, हा माझा अनुभव. याने काहीच सजवले नाही. शेवटी एवढेच म्हणाला, "मुलगा दोन दिस जेवायला माज्या पंगतीला बसला नाय. एवढंच वाईट वाटतं." मी जबाबावर त्याची सही घेतली आणि त्याला घरी पाठवले. मन साशंक होते. पण मनाची नोंद स्टेशन डायरीत करता येत नाही.

कशेळ्याच्या वरच्या वाडीतली एक म्हातारी ठाकरीण त्या दिवसांत करवंदे विकायला यायची. पानांच्या द्रोणात करवंदे घालून ठाण्याच्या पायरीवर बसायची आणि आमचे शिपाई फुकटात दोन-दोन उचलायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पैसे देऊन द्रोण घेतला, तशी ती हळूच म्हणाली, "टपालदादाला धरलं काय रं सायेब?"

"का गं? तुला काय त्याचं?"

"त्यानं शेठच्या हातात कागूद दिला, तवा मी तितंच व्हती. शेठाणीला करवंदं मापीत व्हती. पयलीच व्हती औंदाची, हिरवी निघाली म्हणून ती माज्यावर वराडली."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"मला कोण इचारतंय?"

हे खरे होते. पोचपावतीवरच्या तारखेला गिरणीत कोण कोण होते, असे मी शिपाई पाठवून रीतसर विचारले होते. मालकाने चार नावे दिली आणि शिपायाने चार जबाब आणले, लखोटा पाहिला नाही असे. करवंदवाली कोणाच्या मोजणीत नव्हती. तिचे पोर मुंबईला बंदरावर कामाला होते, आणि त्याची पत्रे टपालवाला वाडीवर चढून जाऊन तिला वाचून दाखवी, हे मला मागाहून समजले.

पण एका म्हातारीच्या सांगण्यावर गिरणीमालकाला खोटा ठरवता येणार नव्हते. मी हवालदाराला घेऊन कडावला गेलो. मालक पन्नाशीचा, जाडजूड, बोलायला गोड. माणूस वाईट नव्हता. गावात त्याच्याबद्दल कोणी वावगे बोलत नसे. त्याने आम्हाला गादीवर बसवले आणि ताक मागवले. मी कागद पुढे केला आणि म्हटले, "नमुन्यासाठी पाच सह्या करा."

त्याने टाक बुडवला आणि बालबोध अक्षरात, एकेका अक्षराला थांबत, पाच सह्या केल्या. पोचपावतीवरची सही मोडीत होती, हात न उचलता एका दमात ओढलेली. दोन्हींचा काडीचाही मेळ नव्हता.

"बघा, हाय काय माजी?" तो म्हणाला.

स्वतःचे नाव लिहायला कोणी इतका वेळ घेत नाही. सही ही माणसाच्या चालण्यासारखी असते. विचार करून चालायला लागला की पाय अडखळतो. बाहेर ओट्यावर एक शेतकरी भात घेऊन पाळी यायची वाट बघत बसला होता. त्याच्याकडे वजनाची चिठ्ठी होती. मी ती मागून घेतली. चिठ्ठीवर शेठची सही होती, मोडीतली, एका दमातली. मी ती पोचपावतीशेजारी गादीवर ठेवली.

मालकाने दोन्ही कागदांकडे पाहिले आणि ताकाचा पेला उचलला. पेला रिकामा होता.

त्याच वेळी त्याची बायको आतून आणखी ताक घेऊन आली. पोलीस कशासाठी आलेत हे तिला कोणी सांगितलेले दिसत नव्हते. मी सहज विचारावे तसे विचारले, "वहिनी, ती सरकारी नोटीस आली होती, ती कुठं ठेवलीत?"

"देवामागं हाय की," ती म्हणाली. "आणू काय? चैत्र सरताना आली. मंग धोंडा लागला. जावय धोंड्याला आले खालापूरवरून, त्यांनी वाचून दावली. पण धोंड्याच्या महिन्यात सरकारी कागदावर सही कशी करायची? आमच्याकडं नाय करत. म्हणून ठेवली देवामागं, बरा महिना लागंपतोर."

वाचकांत कोणी शहरी असतील तर सांगतो. त्या साली अधिक वैशाख आला होता. अधिक महिना म्हणजे आमच्याकडे धोंड्याचा महिना. जावयाला तेहतीस अनारशांचे वाण द्यायचे, पण लग्न, मुंज, नवा व्यवहार काही करायचा नाही. या घरातली रीत तर आणखी कडक होती. धोंड्याचा महिना ते कशातच धरत नसत.

मी गादीमागे टांगलेले पंचांग काढायला सांगितले. निज, म्हणजे अधिकानंतरच्या खऱ्या, वैशाखाच्या शेवटी एका तिथीवर कुंकवाचे बोट लावलेले होते. आता सगळे उलगडले. नोटीस हाती पडल्यावर चैत्राचे उरलेले दिवस त्याने मोजले, अधिक महिना सबंध सोडून दिला, आणि पुढचे दिवस निज वैशाखात धरले. त्याच्या हिशेबाने तीस दिवस त्या बोटापाशी संपत होते. सरकारच्या हिशेबाने ते केव्हाच संपले होते.

बायको आत गेली. मालक खाली मान घालून म्हणाला, "सायेब, माजी मुदत अजून बाकी हाय असंच मी धरून चाललो व्हतो. तक्ता लिवून तयार. तेवढ्यात हुकूमच आला. दंडासकट. कर्जतला जाऊन इचारलं, तर एक जण म्हणाला, नोटीस मिळाली नाय असं म्हण, म्हणजे फिरून चौकशी लावतात. मी म्हटलं."

"आणि सही?"

"सही माजी नाय असं म्हणायला लागलं. एक खोटं केलं की दुसरं आलंच."

"टपालवाल्याचं काय होईल, हे मनात आलं नाही?"

"सरकार सरकारचं बघून घेईल असं वाटलं. त्याला धरतील असं नाय वाटलं, देवाशप्पथ."

मला राग आला, आणि तो मी लपवला नाही. मुदत चुकल्याचा राग नव्हता. महिने मोजण्यात माझी आईसुद्धा तशीच चुकली असती. एका माणसाने अठ्ठावीस वर्षे एक काम चोख केले, आणि या गृहस्थाने ते एका वाक्यात पुसून टाकले, याचा राग होता. खोटी माहिती देऊन सरकारी नोकराला गोवल्याबद्दल त्याच्यावर खटला करता येतो, हे मी त्याला स्पष्ट सांगितले. हवालदाराने माझ्याकडे पाहिले. लिहायला घेऊ का, असे त्याच्या डोळ्यांत होते.

मी म्हटले, थांब.

आकारणीच्या हुकमावर फेरविचार मागायला एक महिन्याची मुदत असते. त्यातले आठ दिवस अजून बाकी होते, इंग्रजी कॅलेंडरचे. मी मालकाला दोन गोष्टी करायला सांगितल्या. टपालखात्याला आणि मला खरा जबाब लिहून द्यायचा. आणि इन्कमटॅक्सच्या साहेबांकडे जाऊन, आपण मुदत कशी मोजली ते जसेच्या तसे अर्जात लिहायचे. "खोट्या कारणावर चौकशी लागली असती, तर खऱ्या कारणावर का लागणार नाही?" मी विचारले. खरे सांगायचे तर लागेल की नाही हे मलाही ठाऊक नव्हते. पण त्याच्याकडे दुसरा रस्ता नव्हता, आणि टपालवाल्याला सोडवायला मला तो जबाब हवा होता.

अर्ज आमच्या रायटर हवालदाराने लिहून दिला. त्याने त्यात अधिक मासाचे माहात्म्यही घातले होते. ते मी काढायला लावले. मालक तिसऱ्या दिवशी कचेरीत हजर झाला. परत आल्यावर म्हणाला, "सायबांनी दोनदा वाचला. कारकून हसला, सायेब नाय हसले. म्हणाले, हे कारण मी पयल्यांदा ऐकतोय, आणि बनवून कोणी असलं कारण सांगणार नाय." फेरतपासणी मंजूर झाली, त्याचा तयार तक्ता स्वीकारला गेला आणि कर वाजवी बसला.

टपालवाल्याला खात्याने कामावर परत घेतले. तो हुकूम मीच त्याला ठाण्यात वाचून दाखवला. मालकही तिथे होता. तो पुढे झाला आणि वाकून म्हणाला, "चुकलो. काय म्हणशील ते भरून देतो."

टपालवाल्याने हुकमाची घडी घातली. म्हणाला, "पैसं नकोत शेठ. कर्जतपासून कशेळ्यापतोर लोकांनी ऐकलंय का मी कागूद खाल्ला. मी कोणाकोणाच्या दारात जाऊन सांगू? तुमी संगं चला. उद्या माजी फेरी हाय."

मालकाने माझ्याकडे पाहिले. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. सरकारी फेरीत खासगी माणूस बरोबर घ्यावा की नाही, याबद्दल टपालखात्याचा काही नियम असेलही. मला तो माहीत नव्हता आणि मी विचारलाही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे निघाले. पुढे टपालवाला, खाकी डगल्यात, थैली खांद्याला. मागे छत्री घेतलेला शेठ, दर अर्ध्या मैलाला बसणारा. तो दिवस कशेळ्याच्या बाजाराचा होता आणि आमचा एक शिपाई बंदोबस्ताला तिथे होता, त्याने पुढचे सांगितले. ज्या दारात टपाल द्यायचे त्या दारात शेठ उभा राही आणि म्हणे, "कागूद मला मिळाला व्हता. मी खोटं बोललो. ह्याची काय चूक नाय." कडावात त्याचा आवाज निघेना. कशेळ्याच्या बाजारात पोचेपर्यंत तो चांगला मोकळा झाला होता. तिथे टपालवाल्याचा मुलगा गवताच्या गाड्यांवर हमालीला आला होता. शेठ आपण होऊन त्याच्यापाशी गेला आणि तेच वाक्य सर्वांसमोर पुन्हा म्हणाला. मुलाने बापाच्या खांद्यावरची थैली उतरवून आपल्या खांद्यावर घेतली आणि तो पुढे चालू लागला.

मी खटला केला असता, तर शेठला फार तर दंड झाला असता आणि माझ्या नावावर एक शाबीत गुन्हा जमा झाला असता. वरिष्ठांनी मला तसे सुनावलेही. पण कोर्टात कोणीही टपालवाल्याच्या मुलाला काही सांगितले नसते. चुकीपेक्षा चूक झाकणे माणसाला महाग पडते, आणि ती किंमत बहुधा तिसराच कोणीतरी भरतो, हे मी त्या वैशाखात शिकलो. पुढे माझ्यासमोर जो कोणी कबुलीला आला, त्याला मी कलमाच्या आधी एकच प्रश्न विचारत गेलो: तुझ्यामुळे कोण अडकलं आहे? पुष्कळांना उत्तर द्यायला वेळ लागला. ते देईपर्यंत मी टाक हातात घेत नसे.