दार लावण्याआधी

लिफ्टमिस्त्रींना हौशी रेडिओच्या, म्हणजे छंद म्हणून बिनतारी संदेश धाडणाऱ्यांच्या, मंडळातले लोक ‘वकीलसाहेब’ म्हणत. त्यात कौतुक किती नि टोमणा किती, हे त्यांनी कधी तपासलं नव्हतं. मंडळाचे सगळे नियम त्यांना तोंडपाठ होते; स्वतःच्या लग्नाची तारीख मात्र बायकोला विचारावी लागे.

गच्चीवरच्या खोलीत त्यांनी स्वयंचलित केंद्र थाटलं होतं. दूरदूरचे संदेश कॉम्प्युटर आपला आपण घेई नि पुढे धाडी. मिस्त्री कामावर असोत की झोपेत. बोलण्याआधी फ्रीक्वेन्सी रिकामी आहे का ते ऐकायचं, हा पहिला नियमही यंत्र इमानेइतबारे पाळत होतं.

म्हणून तारमास्तरांच्या मुलीचा फोन आला तेव्हा ते दुखावले. तारखात्यातून निवृत्त झालेले मास्तर त्यांचे रेडिओतले गुरू. घशाच्या ऑपरेशनात त्यांचा आवाज गेला, तेव्हापासून रोज सकाळी ते परगावच्या बहिणीशी रेडिओवरून मोर्सच्या टिकटिकीत बोलत. बोलणं असं तेवढंच उरलेलं. आणि हल्ली ऐन गप्पांत कुणाचं तरी यंत्र किंचाळत घुसे.

“जाताना ते तुमचंच नाव सांगतं, काका,” मुलगी म्हणाली.

नाव सांगणं हाही नियमच होता. मिस्त्रींनी तिला फ्रीक्वेन्सीचा तो पट्टा यंत्रांना मोकळा असल्याचं कलमासकट समजावलं. तिने निमूट ऐकून घेतलं नि फोन ठेवला. भांडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी कामाला दांडी मारून ते हेडफोन लावून बसले. मास्तरांची टिकटिक आली. एके काळी शिलाई मशीनसारखी धावणारी. आता क्षीण, हात कापतोय हे कळावं इतकी अडखळती. पडद्यावर उमटलं : फ्रीक्वेन्सी रिकामी. आणि यंत्राने तोंड उघडलं. मिस्त्रींनी झटक्यात बटण दाबून ते मिटवलं. त्याला फक्त आपल्यासारख्या यंत्रांचा आवाज ओळखू येत होता. माणूस त्याच्या हिशेबी शांतताच होती.

संध्याकाळी ते मास्तरांकडे गेले. माफी मागणं जमेना, म्हणून लिफ्टवर घसरले. मध्ये माणूस आला की दार थांबतं. पण बारीक काठी पुढे आली तर ती दाराला दिसत नाही, चिमटली जाते.

मास्तरांनी पाटीवर लिहिलं : मग तू काय करतोस?

“दाराशी माणूस उभा करतो.”

आता सकाळी मास्तरांच्या गप्पा संपेपर्यंत यंत्राचं स्वयंचलितपण काढून मिस्त्री स्वतः हेडफोन लावून बसतात.

“अहो, मग यंत्र घेतलंत कशाला?” बायको चहा ठेवताना विचारते. त्यावर त्यांच्याकडे कलम नाही. कानात मास्तर बहिणीपाशी जावयाची गाऱ्हाणी सांगत असतात. ती ऐकणं शिष्टाचारात बसतं का, हेही त्यांनी अजून शोधलेलं नाही.

बहिणीचा निरोप घेऊन झाला तरी मास्तर टिकटिक लगेच बंद करत नाहीत. मग खास मिस्त्रींसाठी दोन अडखळते शब्द येतात : दार लाव.

मिस्त्री बटण दाबून यंत्राला पुन्हा मोकळं सोडतात.